"प्रार्थना करतेय" लिहिल्यावर पुढे काय करायचं

चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर कोणी आजारी असल्याचा मेसेज आला की आपण हात जोडलेला इमोजी टाकतो, "प्रार्थना करतेय" लिहितो आणि विषय तिथेच संपतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. एकदा असंच जिच्यासाठी लिहिलं होतं ती मावशी दोन आठवड्यांनी भेटली आणि बोलता बोलता म्हणाली की दवाखान्यातून घरी यायला सोबत कोणीच नव्हतं, तक्रार वगैरे काही नाही, सहज सांगितलं तिने, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, तुम्हीही करून बघा. कोणासाठी प्रार्थना केली की आमेन म्हणायच्या आधी विचारायचं, प्रभू यातलं माझ्या हातात काय आहे? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात 2ऱ्या अध्यायात हेच आहे ना, उघड्या आणि उपाशी माणसाला नुसतं "सुखाने जा, ऊब घे" म्हणून काय उपयोग. आणि "काही लागलं तर सांगा" असं बोलू नका, कोणी सांगत नाही हो, संकोच वाटतो. त्यापेक्षा "उद्या चारला येते, औषधं काय आणायची आहेत" असं थेट विचारा.

मग लूकच्या शुभवर्तमानातली 10व्या अध्यायातली शोमरोन्याची गोष्ट परत वाचा, लुटारूंनी मारहाण करून वाटेत टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन प्रांतातल्या माणसाची, पण यावेळी तो काय काय करतो तेवढंच बघत वाचा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, तिथे काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन वर म्हणतो जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. दिनार म्हणजे तेव्हाची मजुराची दिवसभराची मजुरी, म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली, तीही अशा माणसासाठी ज्याच्या लोकांशी शोमरोन्यांचं पटत नव्हतं. मला सगळ्यात भिडतं ते "परत येताना". आपण एकदा मदत करून मोकळे होतो, म्हणून पंधरा दिवसांनी परत फोन करायचा म्हणून मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, खरंच लावा.

फोटो काढू नका. मत्तय 6 मध्ये येशूने दान, प्रार्थना आणि उपास तिन्हींबद्दल एकच सांगितलंय, लोकांना दिसावं म्हणून करू नका. आणि माझं स्पष्ट मत आहे की मदतीच्या पिशवीत येशूबद्दल सांगणारी छापील पत्रिका घालून देऊ नये, समोरच्याला वाटतं की हे घ्यायचं असेल तर तेही ऐकावं लागणार. त्याने आपणहून विचारलं तर मनापासून सांगा.

कठीण भाग घरातला आहे. बाहेर गोड बोलणारी मी घरी सासूबाईंशी कशी बोलते हे देव बघतोच की. मत्तय 5:23-24 प्रमाणे अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायचा, म्हणजे उपासनेला निघण्याआधी तो एक फोन करायचा जो आपण टाळतोय. चूक त्याची जास्त असली तरी.

कोणी म्हणेल तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, कृत्यांनी नाही. बरोबर आहे, इफिस 2:8-9, पण लगेच 10वं वचनही वाचा, सत्कृत्यांसाठीच आपल्याला निर्माण केलंय. चर्चला जाणं, उपास, बायबल वाचणं सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, मला तिथूनच बळ मिळतं. आणि मोठ्याने प्रार्थना करणाऱ्याकडे बघून "मी त्याच्यासारखी नाही" असं मनात आलं तर लूक 18 मधला, स्वतःला धार्मिक समजून दुसऱ्याला कमी लेखणारा परूशी आपणच झालो की.

आता ग्रुप उघडा आणि मागच्या महिन्यात ज्यांच्यासाठी हात जोडलेला इमोजी टाकला होता त्यांची नावं शोधा, त्यातल्या एकाला आज संध्याकाळी फोन करा.