उपसागरातील वादळापूर्वी शेतातील चर मोकळे करा

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले आणि ती ऊब पाण्यात साधारण ५० मीटर खोलवर मुरलेली असली, की चक्रीवादळाला लागणारे बाष्प मिळू लागते. ऑक्टोबरमध्ये बंगालचा उपसागर याहून उबदार असतो. वादळी वाऱ्याने समुद्र घुसळून खालचे थंड पाणी वर आले, तर वादळाचा जोर ओसरतो. परंतु उपसागरावर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरलेला असल्यामुळे ही घुसळण अनेकदा खोलवर पोहोचत नाही आणि वादळाला ऊब मिळत राहते.

किनारा ओलांडल्यावर वारा मंदावतो, पाऊस मंदावेलच असे नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरील काकीनाडाजवळ जमिनीवर आलेली कमी दाबाची प्रणाली पूर्ण चक्रीवादळही झाली नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी तिने सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी केली. अशा पावसानंतर मी दरवेळी एकच गोष्ट पाहतो: चर बुजलेल्या काळ्या रानात पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही आणि तूर व डाळिंब मर रोगाला (झाड वाळून जाण्याला) बळी पडतात, तर चर मोकळा असलेले शेजारचे रान तगते.

म्हणून उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी येताच उताराच्या दिशेने दीड-दोन फूट खोल चर काढावा, बांधाच्या खालच्या कोपऱ्यातील तोंड मोकळे करावे आणि पाणी ओढ्यापर्यंत जाईल याची शेजाऱ्याशी बोलून खात्री करावी. पहाटेचे दव थांबून पूर्वेचा दमट वारा सुटला, तर बातमीचीही वाट पाहू नये. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे.

इतर कामे:
- काढलेले सोयाबीन ताडपत्रीखाली, उंचवट्यावर
- ज्वारीची पेरणी वाफशावर (पाणी निथळून माती मशागतीजोगी ओलसर झाल्यावर)
- पाऊस असेपर्यंत युरिया बंद
- द्राक्षाची छाटणी पुढे ढकलणे

पावसाआधी दुकानदार महागडी टॉनिके गळ्यात मारतात. तुंबलेल्या पाण्यावर त्यांचा काही उपयोग नाही, तेवढ्या पैशांत चराची मजुरी भागते. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर केवडा या बुरशीजन्य रोगासाठी मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, प्रतिलिटर पाण्यात २ ग्रॅम, उघडीप मिळताच फवारावे. पाऊस थांबल्यावर मात्र पंप उचलण्याआधी खोरे घेऊन चराचे तोंड पाहावे, कारण वाहून आलेल्या काडीकचऱ्याने ते पहिल्याच रात्री बुजते.