प्रोग्रामरची पायरी कशी ओळखावी

प्रोग्रामर कोणत्या पायरीवर उभा आहे, हे त्याच्या बायोडाटावरून कळत नाही, कारण पहिल्या पायरीवरच्या माणसाला कागदावर बारा प्रोग्रामिंग भाषा येत असतात आणि शेवटच्या पायरीवरच्याला बहुधा दोनच. त्यापेक्षा त्याला एक छोटे काम सांगावे आणि तो आधी काय विचारतो ते ऐकावे. मराठवाड्यात या परीक्षेला मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानाची हिशेबपट्टी उत्तम : शेतकऱ्याचे नाव, सोयाबीनचे वजन, भाव, त्यातून हमाली व तोलाई वजा, आणि खाली हातात पडणारी रक्कम. काम दहा ओळींचे वाटते, हीच त्याची खुबी आहे.

पहिल्या पायरीवरचा काहीच विचारत नाही. ‘होऊन जाईल, सर’ म्हणून तो जातो आणि संध्याकाळी कुठून तरी उचललेला प्रोग्राम घेऊन येतो, जो दुकानातल्या संगणकावर सुरू झाला नाही तर ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतोय’ हे उत्तर ठरलेले असते. त्याच्याकडे ‘पट्टी फायनल’, ‘पट्टी फायनल २’ आणि ‘पट्टी खरी फायनल’ अशा फायली दिसल्या, तर लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट लिहिल्याची वार्ता त्याच्यापर्यंत अजून पोचलेली नाही, असे समजावे. त्याच्यावर रागावू नये, तो शिकतो.

दुसऱ्या पायरीवरचा अधिक महागात पडतो. ‘एकाच वेळी किती लाख लोक वापरतील?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि दुकानात मुनीम एकच आहे हे सांगूनही तो हमालीसाठी एक आणि तोलाईसाठी दुसरी सेवा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या संगणकांवर, उभी करू पाहतो. त्याचे मासिक बिल त्यालाच शेठजींना समजावून सांगायला लावावे, म्हणजे तो आपोआप जमिनीवर येतो.

तिसऱ्या पायरीची ओळख मात्र नीट कान देऊन करावी लागते, कारण तिचे प्रश्न कटकटीसारखे वाटतात. रक्कम रुपयांत दशांश चिन्हासह साठवायची की पूर्ण पैशांत, असे तो विचारतो. संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी मावत नाही, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज अनेक भाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते, आणि हंगामाअखेर रोजमेळ काही पैशांनी चुकला की मुनीम रात्रभर जागतो. नावासाठी किती जागा ठेवायची, हेही तो विचारतो. ‘ज्ञानोबा’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते, पण युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतसंचात त्याचे आठ घटक होतात आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ते २४ बाइट, म्हणजे साठवणीची २४ घरे, व्यापते. ज्याने नावाला २० बाइट दिले, त्याच्या पट्टीवर ‘ज्ञानो’ आणि पुढे एक फुटके चिन्ह उमटते. परभणीत असे ज्ञानोबा किती निघतील, याचा विचार ज्याने आधी केला, तो तिसऱ्या पायरीच्या खाली नक्कीच नाही.

चौथ्या पायरीवरचा संगणकाविषयी बोलतच नाही. तो काट्यापाशी जाऊन उभा राहतो, शेतकऱ्याने आधी उचल घेतली असेल तर ती कुठे लिहितात ते विचारतो, पट्टी निम्मी झाल्यावर लाइट गेली तर काय करता ते पाहतो, आणि शेवटी ‘हे एक्सेलवर भागेल’ असे सांगतो. इथे सावध राहावे, कारण हेच वाक्य आळसापोटी पहिल्या पायरीवरचाही म्हणतो. दोघांना ‘हे कधी चालणार नाही?’ असे विचारावे. पहिला ‘चालेल की’ म्हणतो. चौथा दोन मुनीम एकदम नोंदी करू लागले, कुणी सूत्राच्या खान्यात हाताने आकडा टाकला, मागच्या तारखेची पट्टी बदलली, असे प्रसंग एकामागून एक मोजू लागतो.

चौथ्याचे मानधन मात्र आधीच ठरवून घ्यावे, कारण एक्सेलवर भागते हे एकदा कळले की शेठजी पैसे द्यायला खळखळ करतात.