परदेशातनं घरी फोन लावायचाय? आधी घरचा फोन तयार करा

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, चार्जर, चटणी-लोणचं हे तुम्हाला कुणी सांगायला नको. इथं फक्त फोनचं लिहितोय. तिकडनं नेटवरनं घरी स्वस्तात बोलायचं तर बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं निघायच्या आधी काय काय करून ठेवायचं, तेवढंच. यातलं निम्म्याहून जास्त काम तुमच्या फोनवर नाहीच, घरच्या फोनवर आहे. मागच्या वेळी मी नेमकं तेच सोडलं होतं, आणि दुबईत पोचल्यावर आईशी धड बोलणं व्हायला बरेच दिवस गेले. म्हणून पुन्हा पुन्हा तेच सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

पहिलं, कुठल्या देशात जाताय ते बघा. आपल्याकडची निम्मी पोरं दुबई, अबुधाबी, शारजाला जातात आणि सगळ्यांना वाटतं व्हॉट्सअ‍ॅप आहे की, मग काय. तिथं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, व्हॉइस नोट जाते, पण कॉल लागत नाही. इकडनं तुम्हाला केला तरी तेच, रिंग वाजते, उचलला की नुसतं कनेक्टिंग, आवाज नाही. आयफोनवाल्यांचं फेसटाइमपण तसंच. नेटवरच्या कॉलसाठी तिथल्या सरकारनं परवानगी दिलेली अ‍ॅप ठरलेली आहेत, बाकीच्यांना बंदी, त्यातलं बोटिम आपली माणसं जास्त वापरतात. झूम आणि टीम्सपण चालतं. बोटिमसाठी तिथल्या सिमवर इंटरनेट कॉलिंगचा वेगळा पॅक लागतोय का ते सिम घेतानाच काउंटरवर विचारा. कुणीतरी सांगेल व्हीपीएन (आपण कुठनं नेट वापरतोय ते लपवणारं अ‍ॅप) टाक, सगळं चालतंय. ऐकू नका. बंदी चुकवायला व्हीपीएन वापरला आणि सापडला तर तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंड आहे, जन्माची कमाई जाईल. ओमान-कतारला जाणाऱ्यांनी आज तिथं राहत असलेल्या गावच्या माणसाला विचारून घ्या आत्ता काय चालतंय, जुन्या माहितीवर जाऊ नका. चीनचं तर वेगळंच, तिथं व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेजसुद्धा जात नाही आणि तिथलं मेसेज-कॉलचं अ‍ॅप वीचॅट आपल्या सरकारनं २०२० मध्ये इकडं बंद केलंय. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला हा प्रश्न नाही, व्हॉट्सअ‍ॅप कॉल सरळ लागतो. आणि स्काइपचं नाव कुणी काढलं तर विसरा, मे २०२५ मध्ये ते कायमचं बंद झालं.

आता घरचा फोन. जे अ‍ॅप तुम्ही तिकडं वापरणार ते घरच्या फोनवर तुम्ही इथं असतानाच टाका. टाका म्हणजे डाउनलोड करून सोडा असं नव्हे, नंबर घाला, ओटीपी येऊ दे, नाव-फोटो लावा, माइक आणि नोटिफिकेशनची परवानगी द्या आणि एक कॉल लावून बघा. हे तुम्ही गेल्यावर करायचं म्हटलं तर आईला फोनवर ओटीपी विचारावा लागतो, आणि फोन लागत नाही म्हणूनच तर ही सगळी धडपड. शेजारचा पोरगा येऊन करून देईल म्हणून ठेवू नका, तो येतो, करतो, आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो.

त्याच्यापुढची गोष्ट कुणीच सांगत नाही, आणि घोळ तिथंच होतो. रेडमी, रियलमी, विवो, ओप्पो असल्या फोनमध्ये बॅटरी वाचवायला फोन स्वतःच मागं चालू असलेली अ‍ॅप बंद करतो. म्हणजे स्क्रीन बंद करून फोन टीव्हीजवळ ठेवला की थोड्या वेळानं बोटिम किंवा व्हॉट्सअ‍ॅप झोपतं, तुम्ही तिकडनं कॉल करताय आणि इकडं रिंगच वाजत नाही. संध्याकाळी कुणीतरी फोन उघडला की मिस्ड कॉलची रांग दिसते. आईला वाटतं पोरानं फोन केलाच नाही, तुम्हाला वाटतं घरात काहीतरी झालंय. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपवर जा, ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीमध्ये नो रिस्ट्रिक्शन करा, फोनचा बॅटरी सेव्हर बंद ठेवा. कंपनीप्रमाणं नावं थोडी वेगळी असतात, शोधा, सापडतात.

आणि एवढं करून गप्प बसू नका. रात्री फोन नेहमीच्या जागी ठेवू दे, कुणी हात लावायचा नाही, सकाळी बाहेर जाऊन स्वतःच्या मोबाइल डेटावर कॉल करा. घरात बसून, एकाच वायफायवर, आत्ताच उघडलेल्या फोनला कॉल करून बघणं म्हणजे काही बघितलंच नाही. रात्रभर पडलेला फोन वाजला तर काम झालं. नाही वाजला तर परत सेटिंग्ज. हे करा. खरंच करा.

मग उचलायची सवय. फोन लॉक असला तर व्हॉट्सअ‍ॅपचा हिरवा गोल वर सरकवायला लागतो, फोन उघडा असला तर वर छोटी पट्टी येते आणि तिच्यावर नुसतं दाबायचं असतं. आपल्याला हे कळतसुद्धा नाही, पण ज्यांचा हात बटणाच्या फोनवर बसलाय ती माणसं लॉक स्क्रीनवर त्या हिरव्या गोलावर बोट दाबून धरतात, गोल तसाच हलत राहतो आणि रिंग संपते. दोन्ही प्रकारे उचलायला लावा, तुम्ही हात न लावता त्यांनी उचलेपर्यंत. चिडू नका. स्पीकरचं बटण कुठं आहे तेपण दाखवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर तुम्हाला अर्धा तास कानच दिसतोय. घरात अजून कुणाकडं, वहिनीकडं म्हणा, चुलत भावाकडं म्हणा, तेच अ‍ॅप तसंच लावून ठेवा.

घरच्या फोनचा रिचार्ज. तुम्ही असताना तुम्हीच मारता, मग गेल्यावर कोण मारणार? ८४ दिवसांचा किंवा त्याहून मोठा मारून जावा आणि संपायची तारीख लिहून ठेवा. रोजचा डेटा पोरांनी रील बघून संध्याकाळपर्यंत संपवला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, मग व्हिडिओ तर सोडाच, आवाजपण तुटक येतो. त्यामुळं जास्त वेळ बोलायचा कॉल दुपारी तरी करा, किंवा पोरांना सांगा. आणि आवाजाच्या कॉलला डेटा फार कमी लागतो, व्हिडिओला कितीतरी पट, तेव्हा गणपतीची आरती व्हिडिओवर बघा की, पण रोजचं बोलणं आवाजावरच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टोरेज अँड डेटामध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचं एक बटण आहे, ते दोन्हीकडं चालू करा.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात लाइट गेली की रेंजपण जाते. तिथं अ‍ॅपचा दोष नाही. घरात नेमकं कुठं रेंज येते, सोप्यात की मागच्या दारात, ते बघून फोन ठेवायची जागा ठरवा आणि पॉवर बँक घरी ठेवून जा, तुम्हाला विमानतळावर चार्जिंग मिळतं, त्यांना मिळत नाही.

नेट नसलं किंवा आप्पांकडं साधा बटणाचा फोन असला तर काय? व्हायबर आउटसारखं (व्हायबर अ‍ॅपमधनं साध्या नंबरवर कॉल लावायची सोय) काहीतरी पैसे भरून वापरायचं, तुमच्याकडं नेट पाहिजे, त्यांच्याकडं साधा फोन पुरतो. थोडे पैसे आधीच घालून ठेवा. दुबईवाल्यांनी हेपण तिथं चालतंय का ते आधी विचारा. पण असा कॉल घरी भलत्याच नंबरवरनं येतो, स्क्रीनवर इंटरनॅशनल कॉल लिहून येतं, आणि फसवणुकीच्या बातम्या ऐकून ऐकून आता कुणी तो उचलत नाही. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून आधीच सांगून ठेवा की असा फोन येईल, अमुक वेळेला येईल, आणि घरातल्यालाच माहीत असेल असा एक प्रश्न ठरवा. तुमचं नाव सांगून कुणी पैसे मागितले तर पहिला तो प्रश्न विचारायचा.

आता तुमचा फोन, हे पटकन. सगळे नंबर +९१ लावून सेव्ह करा. घरी लँडलाइन असली तर बेळगावचा ०८३१ मधला शून्य काढून +९१ ८३१ असं. इथलं सिम फोनमध्येच ठेवा, भावाला देऊन जाऊ नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात आणि सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप चालू देऊ नका असा दूरसंचार विभागाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेशपण आहे. तिकडं ओटीपी यायला रोमिंग चालू करायला लागतंय का ते कंपनीला विचारा. इथल्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद, आणि ड्युअल सिममध्ये आपोआप डेटा सिम बदलायचं बटण असतं तेपण बंद, नाहीतर बिल बघून डोळे फिरतील. तिकडचं सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅप नंबर बदलू का विचारतं, नाही म्हणा. प्रवाशांसाठीचं इसिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, घेताय तर त्यात बहुतेक वेळा नुसता डेटा असतो, नंबर नसतो.

वेळ ठरवा. दुबई आपल्या दीड तास मागं. जर्मनी हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. घरचं बघून ठरवा, डेअरीला दूध घालून आल्यावर आईला वेळ असतो, रात्री नऊला ती झोपलेली असते.

उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवरनं पहिला मेसेज, पोचलो म्हणून. कॉल नाही लागला तर व्हॉइस नोट. सिम रूमवर जायच्या आधी घ्या. विमानतळाच्या वायफायवर बँकेचं काही उघडू नका.

राहिलं काय, हां, परत यायच्या आधी तिकडचा पॅक आपोआप रिन्यू होतोय का बघून बंद करा, आणि व्हायबरमध्ये उरलेले पैसे शेवटच्या दिवशी आप्पांशी बोलून संपवा.