मल्टिकास्ट राउटिंग सुरू करण्यापूर्वीची तयारी

प्रशिक्षणाचा 5 एमबीपीएसचा एक व्हिडिओ 200 संगणकांवर युनिकास्टने, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र प्रत देऊन, पाठवला, तर सर्व्हरच्या लिंकवर 1 जीबीपीएसचा भार पडतो. मल्टिकास्टमध्ये त्याच लिंकवरून एकच 5 एमबीपीएसची प्रत निघते आणि पुढे राउटर गरजेनुसार तिच्या प्रती काढतात. सिस्कोच्या राउटरवर यासाठी द्यावयाच्या कमांड मोजक्याच आहेत. वेळ जातो तो तयारी अपुरी राहिल्यामुळे.

प्रथम चालू कॉन्फिगरेशनची प्रत राउटरबाहेर जपून ठेवावी. ग्रुपचा, म्हणजे व्हिडिओ घेणाऱ्या संगणकांच्या गटाचा, पत्ता खासगी वापराच्या 239.0.0.0/8 मधून घ्यावा, मात्र 239.0.0.5 किंवा 239.128.0.5 यांसारखे पत्ते टाळावेत, कारण आयपी पत्त्याचे शेवटचे 23 बिटच मॅक पत्त्यात (स्विच वापरतो त्या हार्डवेअर पत्त्यात) उतरतात आणि हे दोन्ही पत्ते ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या 224.0.0.5 च्याच मॅक पत्त्यावर येतात. असे ट्रॅफिक स्विच सहसा सर्व पोर्टवर सोडतो.

सर्वाधिक वेळ रिव्हर्स पाथच्या तपासणीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आलेले पॅकेट, स्रोताकडे जाण्यासाठी राउटर जो इंटरफेस वापरतो त्याच इंटरफेसवर आले आहे का, हे तो युनिकास्ट राउटिंग टेबलवरून पाहतो आणि तसे नसल्यास ते टाकून देतो. म्हणून दोन लिंक असतील तर पिम स्पार्स मोड, म्हणजे मागणी असेल तिथेच प्रत पाठवणारा मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल, दोन्हींवर चालू करण्याचे ठरवावे आणि ‘शो आयपी आरपीएफ’ या कमांडपुढे स्रोताचा पत्ता देऊन प्रत्येक राउटरचे उत्तर आधीच लिहून ठेवावे.

रांदेव्हू पॉइंटसाठी, म्हणजे स्रोत आणि प्रेक्षक जिथे जोडले जातात त्या राउटरसाठी, मध्यवर्ती राउटरचा लूपबॅक (राउटरमधील आभासी इंटरफेस) निवडावा, तो पत्ता सर्व राउटरवरून पिंग होतो याची खात्री करावी, लूपबॅकवरही पिम चालू करावे आणि सर्वत्र तोच पत्ता नोंदवावा. मध्ये फायरवॉल असल्यास प्रोटोकॉल क्रमांक 103, म्हणजे पिम, आणि ग्रुपचे यूडीपी ट्रॅफिक यांना वाट द्यावी. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणत्या पोर्टवर ग्रुपचा प्रेक्षक आहे हे ओळखण्याची सोय, चालू असावे. ज्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरील स्वतंत्र आभासी नेटवर्कमध्ये) पिम चालवणारा राउटर नाही, तिथे प्रेक्षक आहेत का हे विचारत राहणारा क्वेरिअर स्वतंत्रपणे नेमावा.

टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटरवर एकने घटणारा पॅकेटमधील आकडा, मात्र कधीही विसरू नये. एका संस्थेत सगळे राउटर निर्दोष असूनही पलीकडच्या इमारतीत चित्र दिसत नव्हते. अर्धा दिवस शोधल्यावर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने टीटीएल 1 च ठेवल्याचे आढळले, त्यामुळे पॅकेट पहिल्या राउटरपुढे जातच नव्हते. वाटेत जितके राउटर असतील, त्याहून मोठा आकडा तिथे आधीच भरावा.

शेवटी चाचणीसाठी सर्वांत दूरच्या व्हीलॅनमधील एक संगणक राखून ठेवावा. तो ग्रुपमध्ये सामील झाल्यावर राउटरचे मल्टिकास्ट टेबल दाखवणाऱ्या ‘शो आयपी एमरूट’मध्ये येणारा आणि जाणारा असे दोन्ही इंटरफेस दिसले पाहिजेत, आणि तो बाहेर पडल्यावर, त्या व्हीलॅनमध्ये दुसरा प्रेक्षक नसेल, तर काही मिनिटांत जाणारा इंटरफेस यादीतून निघून गेला पाहिजे.