छर्रे कुलपात, पिस्तूल हातात: मुंबईच्या खोलीतली ड्राय प्रॅक्टिस

नेमबाजीच्या रेंजवर नवीन आलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: ताई, परदेशात लोक घरच्या टेबलावर पिस्तुलाची काडतुसं भरतात, उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी पुन्हा वापरतात. आपण तसं केलं तर खर्च वाचेल ना? माझं उत्तर ठरलेलं आहे: करायचं नाही. आपल्याकडे काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे त्यासाठी वेगळा परवाना लागतो, पिस्तूल बाळगण्याचा परवाना असून भागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, जिथे शेगडी, समई आणि माणसं दहा पावलांत नांदतात तिथे बंदुकीची दारू आणि प्रायमर, म्हणजे ती पेटवणाऱ्या टोप्या, ठेवण्याचा विचारसुद्धा नको.

घरी करण्यासारखं काम दुसरं आहे आणि गुण वाढतात ते त्यानेच. मी परळला वन-रूम-किचनमध्ये राहते, दिवसा बँकेत असते. वरळीच्या रेंजवर रोज पोचणं मला जमत नाही, बहुतेकांना जमत नाही. म्हणून १० मीटरच्या स्पर्धेचं, हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं एअर पिस्तूल घरी, छर्र्याशिवाय, भिंतीकडे धरून चालवायचं. याला आम्ही ड्राय प्रॅक्टिस म्हणतो. ४.५ मि.मी. बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. मॅचच्या पिस्तुलाची ताकद साधारण पाच-सहा ज्यूल असते. पण तेवढीही ताकद डोळा कायमचा घालवायला पुरेशी आहे, त्यामुळे ‘एअरचंच तर आहे’ हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही.

आधी एक खात्री करा. बाजारात मिळणारं नळी मोडून ताण देण्याचं स्प्रिंगचं पिस्तूल किंवा एअरगन असेल, तर ती रिकामी उडवू नका. छर्रा नसला की पिस्टनपुढे हवेची उशी राहत नाही, तो पुढे जाऊन आपटतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात. ड्राय प्रॅक्टिस करायची ती दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच पिस्तुलावर. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी अशा पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय दिलेली असते. आपल्या मॉडेलची सोय कुठे आहे हे पुस्तिकेत बघा, अंदाजाने खटके ओढू नका.

आता खोली. छर्र्यांचा डबा ज्या खोलीत प्रॅक्टिस करायची त्या खोलीत असताच कामा नये. माझा डबा स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटात, किल्लीबंद. लोडिंगचा भाग उघडून डोळ्यांनी बघा, मग नारिंगी सेफ्टी फ्लॅगची दोरी नळीतून आरपार घाला. दोरी पलीकडे दिसली म्हणजे नळी रिकामी. ज्या पिस्तुलात हवेशिवाय ट्रिगर चालतो, त्याचा सिलिंडरही काढून बाजूला ठेवा. टार्गेट लावायचं ते पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर. चाळीतल्या दोन खोल्यांमधलं प्लायवूडचं पार्टिशन चालणार नाही, दार नाही, खिडकी तर नाहीच. पडदा ओढून घ्या. समोरच्या इमारतीतून कुणाला हात लांब केलेला माणूस आणि हातात पिस्तूल दिसलं, तर ते पोलिसांना फोन करतील, आणि नोव्हेंबर २००८ पाहिलेल्या शहरात त्यांनी तो करायलाच हवा. मी मजल्यावरच्या सगळ्यांना आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवलं आहे. शेजारच्या काकूंना पिस्तूल, नेमबाजी असोसिएशनचं कार्ड, बिल सगळं दाखवलं. आता त्याच माझ्या दारात खेळणाऱ्या मुलांना हाकलतात.

सुरू करताना घरात मोठ्याने सांगायचं, ‘प्रॅक्टिस सुरू’. दाराला कडी. मध्येच बेल वाजली, फोन आला, कुकरची शिट्टी झाली, तर पिस्तूल उघडं करून टेबलावर, तोंड भिंतीकडे, दोरी आत. परत आल्यावर तपासणी पहिल्यापासून. ‘आत्ता तर बघितलं होतं’ याला अर्थ नाही, कारण मधल्या वेळात खोलीत कोण आलं होतं हे तुम्हाला माहीत नसतं. आणि संपताना ‘अजून एकच’ हा मोह टाळायचा. संपलं म्हणजे संपलं: आधी टार्गेट भिंतीवरून उतरवायचं, मग ‘प्रॅक्टिस संपली’ म्हणायचं. भिंतीवर टार्गेट नसेल तर हात पुन्हा वर जात नाही.

दहा मीटर कुणाच्या घरात असतात? लागतही नाहीत. खऱ्या टार्गेटचा काळा गोल ५९.५ मि.मी. व्यासाचा असतो. पाच मीटरवर उभे राहणार असाल तर त्याच्या निम्मा, म्हणजे जवळजवळ ३० मि.मी.चा गोल काळ्या कागदातून कापा. तीन मीटरच मिळत असतील तर १८ मि.मी. पुरतो. उंचीचं मात्र बरेच जण विसरतात. रेंजवर टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १४० सें.मी. वर असतं. घरच्या छोट्या गोलालाही १४० ठेवलं तर हाताचा कोन बदलतो आणि खांद्याला चुकीची सवय लागते. तुमच्या डोळ्यांची उंची १५० असेल तर पाच मीटरवर गोल १४५ वर हवा, म्हणजे दोहोंच्या बरोबर मध्ये. टेप घेऊन मोजा आणि भिंतीवर पेन्सिलची खूण करून ठेवा.

तरी सुरुवातीचे काही आठवडे गोल लावूच नका, असं माझं ठाम मत आहे. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर मीटरभरावर उभे राहा, हात वर न्या, खाली आणा, आणि फक्त साइट, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणा, बघा. मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. हे महत्त्वाचं का, ते आकड्यांत पाहा. दोन साइटमधलं अंतर साधारण ३२-३३ सें.मी. असतं. पुढची साइट खाचेत १ मि.मी. सरकली तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मि.मी. बाजूला जातो, म्हणजे दहाचा सात होतो. उलट साइट जुळलेली ठेवून सगळा हातच ५ मि.मी. हलला, तर छर्रा ५ मि.मी.च सरकतो आणि दहाचं वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचं आहे, तेव्हा दहा शाबूत. नवीन मुलं हात थरथरतो म्हणून रडकुंडीला येतात. हात सगळ्यांचाच हलतो. नजर टार्गेटवर गेली आणि साइट सुटली की गुण जातात, आणि कोऱ्या भिंतीवर नजरेला जायला दुसरी जागाच नसते.

मग ट्रिगर. नियमाने त्याचं वजन किमान ५०० ग्रॅम, भाजीवाल्याच्या तराजूतलं अर्ध्या किलोचं माप. एवढं वजन बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे यायला हवं, तळहात न आवळता. खटका पडताना पुढची साइट बघत राहा, पडल्यावरही दोन सेकंद हात तसाच धरा. साइट उडाली तर कुठे उडाली ते वहीत लिहा: डावीकडे, खाली, जिथे असेल तिथे. हात वर स्थिरावल्यापासून सहा ते आठ सेकंदांत खटका पडला नाही तर हात खाली आणा. ओढूनताणून टाकलेला शॉट घरी चालवून घेतला की तो मॅचमध्येही येतो. मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट असतात, घाई कुणालाच नसते. घरी अर्धा तास भरपूर झाला. मनगट थकलं की पुढची प्रत्येक उचल चुकीची सवय पक्की करते.

सिलिंडरची काळजी वेगळी घ्यायची. त्यात २०० बारपर्यंत हवा असते. भरायचा तो रेंजवर, सावकाश, काटा बघत. भराभर भरला की तापतो, आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. २०० च्या वर कधीच नाही. ऑक्सिजन किंवा दुसरा कुठलाही वायू नाही. वॉल्व्हच्या जवळ शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, काहीही लावायचं नाही. जास्त दाबाच्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं. रबरी रिंगला कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, साधारण दहा वर्षांनी मुदत संपते. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन मॅचला गेलात तर अडवतील, आणि अडवावंच. जुना सिलिंडर भंगारवाल्याला भरलेला देऊ नका. हवा पूर्ण सोडा आणि विक्रेत्याकडे परत करा.

छर्रे शिशाचे असतात. मुलांच्या शरीरात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी ज्ञात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे. डबा खुळखुळवू नका, त्याने शिशाची पूड होते आणि छर्र्यांचे घेरही चेपतात. मॅचआधी छर्रे निवडायचे तर जुन्या ट्रेमध्ये वर्तमानपत्र घालून, जेवायच्या ताटलीत नव्हे. काचेवर हलकेच घरंगळवला की चेपलेला छर्रा लगेच ओळखू येतो, तो बाजूला. छर्रा ओठांत धरायची सवय काही जुन्या लोकांना आहे, ती उचलू नका. रेंजवरून बाहेर पडताना कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, वडापाव त्यानंतर.

लोकलने नेताना पिस्तूल कुलूपबंद केसमध्ये, केस साध्या सॅकमध्ये, छर्रे वेगळ्या कप्प्यात. खरेदीचं बिल आणि असोसिएशनचं कार्ड वरच्या खिशात. स्टेशनवर पोलिसांनी सॅक थांबवली तर स्वतः केस उघडायला जाऊ नका. आधी तोंडाने सांगा आत काय आहे, कागद दाखवा, आणि ते म्हणतील तिथे, गर्दीपासून बाजूला, उघडा.

जून ते सप्टेंबर केसमधला फोम दमट हवा शोषून धरतो आणि स्टीलवर तांबूस ठिपके येतात. पावसाळ्यात पिस्तूल सुती कापडात गुंडाळून कुलपाच्या कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या ओल्या झाल्या की बदला. लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, दमटपणाने किंचित फुगते. हाताला घट्ट वाटली म्हणून लगेच कानस लावू नका. ऑक्टोबरपर्यंत थांबा, पुष्कळदा ती आपोआप जागेवर येते.