घरी गाणारे पक्षी वाढवायचेत? आधी कागद, मग पिंजरा

पहाटे दयाळ शीळ घालतो आणि वाटतं, याची एक जोडी घरी असती तर! तो विचार तिथेच सोडा. दयाळ, शामा, बुलबुल, साळुंकी, सुगरण, कुठलीही मुनिया हे सगळे इथले रानपक्षी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे त्यांना पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. कायद्यातली 'शिकार' तर घरट्याला आणि अंड्यांना हात लावण्यापर्यंत पोचते. 'पिल्लं माझ्याच पिंजऱ्यात झाली' हा बचाव टिकत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहाडी मैनेसारखा अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्याच्या सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतला पक्षी असेल तर तीन ते सात वर्षं. हौसेसाठी देशी पक्ष्यांची पिल्लं काढण्याचा परवाना मिळत नाही, तेव्हा त्याचा फॉर्म शोधत बसू नका.

पहिली पायरी: पक्षी खरंच बाहेरचा आहे का?

इथे मी स्वतः फसलोय. आठवडी बाजारातून 'ऑस्ट्रेलियन हिरवी फिंच' म्हणून एक जोडी आणली. तिसऱ्या दिवशी पक्षी वाटीत अंघोळीला उतरले आणि पाणी हिरवं झालं. रंगाखालून तपकिरी पाठ आणि खवल्याखवल्यांचं पोट दिसायला लागलं. ती आपली ठिपकेदार मुनिया होती. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून जोडी त्यांच्या ताब्यात दिली. तेव्हापासून आई-बाप आणि घरटं दाखवणाऱ्या माणसाकडूनच पक्षी घेतो आणि साधी का होईना, पावती मागतो. पावतीवर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि पक्ष्याचं नाव हवं.

दुसरी पायरी: शास्त्रीय नाव शोधा

बाजारातल्या नावावर विसंबू नका. बजीला, म्हणजे बजरिगार या छोट्या पोपटाला, अर्धा महाराष्ट्र 'लव्हबर्ड' म्हणतो, आणि कायद्याच्या दृष्टीने दोघांत बराच फरक पडतो. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात नवी चौथी अनुसूची आली. रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती तिच्यात आहेत आणि नोंदणीचा प्रश्न त्यांच्यापुरताच येतो. कॅनरी आणि झेब्रा फिंच त्या यादीत नाहीत. जावा (जावा स्पॅरो ही फिंच) मात्र त्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. म्हणजे एकाच खोलीत शेजारी ठेवलेल्या दोन पिंजऱ्यांपैकी एकालाच नोंदणी लागते.

बेंगालीज फिंचचा वेगळाच घोळ. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने पाळून घडवलेला हा पक्षी, पण त्याचे पूर्वज पांढऱ्या पाठीच्या मुनियाच्या कुळातले, आणि ती मुनिया आपल्या सह्याद्रीत आहे. गडद रंगाची बेंगालीज तपासणाऱ्याला रानातली वाटू शकते. म्हणून मी पांढरी-चितकबरी जोडी घेतो.

तिसरी पायरी: जावासाठी नोंदणी

२८ फेब्रुवारी २०२४ ला निघालेल्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची नोंद परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर करावी लागते. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. आधीपासून असलेल्या पक्ष्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. नवीन पक्षी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. अर्ज भरायला बसण्यापूर्वी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पावती आणि पक्ष्याचे स्वच्छ फोटो जवळ ठेवा. फोटोत चोच आणि पायातली रिंग दिसली पाहिजे. नोंदणी एकदा केली की सुटलो, असं नाही. पिल्लं झाली, पक्षी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं असतं.

बाली मैना किंवा लाल सिस्किन हे परिशिष्ट १ मधले. लाल कॅनरी सिस्किनशी संकर करून घडली, म्हणून तिच्या नादाने सिस्किनकडे वळणारे असतात, पण परिशिष्ट १ मधल्या पक्ष्यांची पिल्लं काढायला वेगळा परवाना लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी: वही

नोंदणी लागो न लागो, वही ठेवाच. माझ्या वहीत एक ओळ अशी आहे: 'पिंजरा ३, झेब्रा, अंडी ५, पिल्लं ४, रिंग आठव्या दिवशी.' बंद (सांधा नसलेली) रिंग पिल्लाचा पाय कोवळा असतानाच चढते. मोठ्या पक्ष्याला ती घालता येत नाही. पक्षी घरातच वाढल्याची खूण म्हणून ती उपयोगी पडते. पिंजराही ऐसपैस असू द्या. हालचाल करता येणार नाही इतक्या छोट्या पिंजऱ्यात कोंडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. एखादं पिल्लू मित्राला दिलं तर वहीत लिहा. नियमित विक्री सुरू केलीत तर २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम लागू होऊ शकतात, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे चौकशी करा.

आणि आजीच्या काळापासून घरात राघू किंवा मैना असेल, तर हे वाचून घाबरून पिंजऱ्याचं दार उघडू नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला कावळे आणि मांजरं दोन दिवस टिकू देत नाहीत. १९२६ ला फोन करा आणि ते सांगतील तिथे त्याला पिंजऱ्यासकट न्या.