गिझरचा अॅनोड रॉड बदला, टाकी वाचेल

निपाणी, चिक्कोडीकडं किंवा बेळगावातच बोअरच्या पाण्यावर गिझर चालत असेल तर आतला अॅनोड रॉड एकदा काढून बघाच. बोअरच्या खारट पाण्यात तो लवकर झिजतोय आणि टाकी एकदा फुटली की तिला झाळण बसत नाही, सरळ नवा गिझर घ्यायला लागतोय, आणि रॉड मिळतोय काही शे रुपयांत.

टाकी स्टीलची, तिला आतल्या बाजूनं काचेचा लेप. लेपाला बारीक चीर गेली की तिथनं गंज धरतो, पण अॅनोड रॉड, म्हणजे मॅग्नेशियमची कांडी, आत असली तर गंज आधी तिला खातो, लोखंड वाचतं.

आधी बोर्डावरची एमसीबी (गिझरचा मेन स्विच) पाडा, नुसतं बटण बंद करून हात घालू नका. पाणी गार होऊ द्या, खालचा इनलेट वॉल्व्ह (थंड पाणी आत सोडणारा) बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा. उभ्या गिझरचा गरम पाण्याचा पाईप आतून वरपर्यंत गेलेला असतो म्हणून नळातनं टाकी रिकामी होत नाही, थंड पाण्याचा पाईप सोडूनच बादलीत काढायचं. मग खालचं कव्हर काढा, टेस्टर लावून बघा, वायरींचा फोटो काढून त्या सोडा आणि फ्लँजचे (कॉइल बसवलेल्या खालच्या प्लेटचे) नट सोडताना दुसऱ्या हातानं खालनं धरा, राहिलेलं पाणी आणि पांढरा गाळ भसकन खाली येतोय.

रॉड बहुतेक कॉइलच्या शेजारीच आट्यांनी बसवलेला असतो. नवा असताना गुळगुळीत, बोटाएवढा जाड, झिजला की खड्डे पडून मधली तार दिसायला लागते. तार दिसली की बदला. जुना रॉड घेऊनच दुकानात जा, लांबी आणि आटे जुळायला पाहिजेत. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, धातूला धातू लागला तरच रॉड काम करतोय. कॉइलवरचा चुना सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून काढा, स्क्रूड्रायव्हरनं ठोकू नका, आणि टर्मिनल भिजू देऊ नका.

फ्लँजखालचं रबरी गॅस्केट नवीनच घाला, नट समोरासमोर थोडे थोडे आवळा. पाईप जोडून पाणी सोडा, गरम नळातनं हवा संपून सलग धार आली की गळती बघा, मगच वायरी, अर्थिंगची आठवणीनं, आणि सगळ्यात शेवटी करंट. टाकी रिकामी असताना चालू केलं तर कॉइल जळतेय.

बोअरवाल्यांनी वर्षाला एकदा उघडून बघायचं, सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढायचं यंत्र) लावलेल्यांनीसुद्धा, कारण त्या पाण्यात रॉड अजून भराभर संपतोय.